मुंबईचे ३४ आणि नागपूरचे ४३ अंगाला सारखेच का लागतात?

प्रश्न थोडक्यात असा: नागपूरहून ठाण्याला बदली झाली आहे. इथे पारा ३४ वर आणि मोबाइल सांगतो, 'जाणवणारे तापमान ४२'. गावी ४३ असतानाही इतका जीव कासावीस होत नव्हता. हा ४२ चा आकडा खरा की फुगवलेला? गावचा कूलर इकडे आणावा का? पंख्याने हवा थंड होत नाही, मग बरं का वाटतं? आणि टोरांटोतला भाऊ म्हणतो की उणे १० असताना वाऱ्यामुळे उणे २० लागतं, तो काय प्रकार आहे?

आधी आकड्याचं बघू. ३४ अंश आणि ६० टक्के आर्द्रता ही मे महिन्यातली ठाणे-मुंबईची नेहमीची दुपार. ४३ अंश आणि १५ टक्के ही नागपूरची. अमेरिकेची हवामान सेवा वापरते त्या उष्णता निर्देशांकाच्या सूत्रात या दोन्ही जोड्या घातल्या, तर पहिलीचं उत्तर ४२.२ येतं आणि दुसरीचं ४१.८. म्हणजे पाऱ्यातला नऊ अंशांचा फरक आर्द्रतेने पुरता भरून काढला. आकडा फुगवलेला नाही. पण ते तापमानही नाही. कुठलाही तापमापक तुमच्या गॅलरीत ४२ दाखवणार नाही, आणि डब्यातली भाजी ४२ अंशांच्या हिशेबाने आंबणार नाही. तो आकडा फक्त घाम येणाऱ्या माणसापुरता आहे.

स्वयंपाकघरातली स्टीलची परात आणि लाकडी पाट रात्रभर शेजारी शेजारी असतात, दोघांचं तापमान एकच असतं, तरी सकाळी हाताला परात गार लागते. अंगाला तापमान कळतच नाही. त्वचेतून उष्णता किती वेगाने बाहेर जाते आहे, तेवढंच कळतं. स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीर साधारण १०० वॅट उष्णता तयार करतं, जुन्या पिवळ्या बल्बइतकी. जिने चढताना, ओझी वाहताना ती ४०० च्या पुढे जाते. ही उष्णता सतत बाहेर टाकावी लागते, आणि त्याला मुख्य वाटा तीन: अंगाला लागून जाणारी हवा, भिंती-जमिनीसारख्या आसपासच्या वस्तूंकडे होणारं प्रारण (किरणांवाटे जाणारी उष्णता), आणि घाम. उन्हाळ्यात त्वचेचं तापमान ३५ च्या आसपास असतं. हवा आणि भिंती ३४ वर पोचल्या की पहिल्या दोन वाटा जवळजवळ बंद. उरतो घाम.

घामाचं गणित सोपं आहे. एक ग्रॅम घाम त्वचेवरून उडून जाताना सुमारे २,४०० जूल उष्णता घेऊन जातो. १०० वॅट बाहेर टाकायला तासाला साधारण १५० मिली घाम पुरतो. अट एकच, तो उडाला पाहिजे. पाठीवरून ओघळून सदऱ्यात जिरलेला किंवा हनुवटीवरून टपकलेला घाम अंगातलं पाणी आणि मीठ घेऊन जातो, उष्णता मात्र घेऊन जात नाही. मुंबईत घाम जास्त येतो असं आपण म्हणतो. बहुतेक वेळा तो जास्त येत नसतो, वाळत नसतो.

तो वाळेल की नाही हे बाष्पाच्या दाबातल्या फरकावर ठरतं. ३५ अंशांच्या ओल्या त्वचेवर बाष्पदाब सुमारे ५६ हेक्टोपास्कल (हे दाबाचं एकक) असतो. मुंबईच्या त्या दुपारी हवेतला बाष्पदाब ३२ च्या आसपास, नागपूरच्या दुपारी १३. घाम खेचून घेण्याची ताकद म्हणजे ही वजाबाकी: मुंबईत २४, नागपुरात ४३. मुंबईत वाळत घातलेले कपडे आणि अंगावरचा घाम यांची अडचण एकच आहे. माठाचंही तेच. माठ जास्तीत जास्त हवेच्या ओल्या तापमानापर्यंत पाणी गार करू शकतो. (ओलं तापमान म्हणजे तापमापकाच्या फुग्यावर ओली चिंधी बांधून वाऱ्यात धरल्यावर तो जिथे थांबतो तो आकडा.) नागपूरच्या दुपारी ते २२-२३ असतं, मुंबईच्या २७-२८. कोकणातल्या माठाचं पाणी विदर्भातल्यासारखं गार का लागत नाही, याचं उत्तर मातीत शोधू नका, ते हवेत आहे.

टक्क्यांवर जाऊ नका, दवबिंदू बघा

आर्द्रतेच्या टक्क्यांनी लोकांची सर्वांत जास्त फसगत होते. 'आज ३४ अंश तापमान आणि ९५ टक्के आर्द्रता' अशी बातमी सर्रास दिसते. हे दोन आकडे एकाच वेळचे नसतात. ९५ टक्के पहाटेचे असतात, पारा २७ वर असतानाचे. दुपारी पारा ३४ वर गेला की हवेतलं बाष्प तेवढंच राहूनही टक्केवारी ६४ वर येते, कारण टक्केवारी ही त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पाच्या तुलनेत काढलेली असते आणि गरम हवेत मावणारं बाष्प वाढलेलं असतं. ३४ अंशांना खरोखर ९५ टक्के आर्द्रता असती तर ओलं तापमान ३३ च्या वर गेलं असतं आणि सावलीत नुसतं बसणंही जिवावर बेतलं असतं. तेव्हा सकाळची आर्द्रता आणि दुपारचं तापमान एकत्र घालून 'जाणवणारे ६०' असले आकडे कुणी काढले, तर ते सोडून द्या.

दवबिंदूचं तसं नाही. हवा किती गार केली तर दव पडू लागेल, ते तापमान म्हणजे दवबिंदू. तो हवेतल्या बाष्पाचा थेट मापक आहे आणि दिवसभरात टक्केवारीसारखा वरखाली होत नाही. बहुतेक हवामान ॲपमध्ये तो खालच्या बाजूला कुठेतरी दिलेला असतो. १६ च्या खाली असेल तर हवा कोरडी, सुखाची. १९-२० पासून चिकचिक सुरू होते. २४ च्या वर पंख्याशिवाय बसवत नाही. २६ च्या वर पंख्याखालीही कॉलर ओली राहते. वरच्या उदाहरणातल्या मुंबईचा दवबिंदू २५ आहे. नागपूरच्या कोरड्या दुपारचा अकराच्या आसपास. याच कारणाने महाबळेश्वरला जुलैत शंभर टक्के आर्द्रता असूनही उकडत नाही. धुक्यातली ती हवाच मुळात १९-२० अंशांची असते, त्यामुळे तिचा दवबिंदूही तेवढाच.

वारा कधी मित्र, कधी नाही

अंगाला चिकटून हवेचा एक पातळ थर असतो. तो त्वचेइतका गरम आणि घामाने ओलसर झालेला असतो. वारा हा थर खरवडून काढतो आणि बाहेरची हवा त्वचेला आणून भिडवतो. पंख्याने हवा थंड होत नाही हे तुमचं म्हणणं बरोबर आहे (मोटारीमुळे खोली उलट किंचित तापतेच). पण थर हलला की घाम उडायला जागा होते.

मुंबईच्या दुपारचा हिशेब मांडून पाहू. आकडे उघड्या त्वचेचे आणि अंदाजे आहेत, कपडे घातले की कमी होतात. हवा स्तब्ध असेल तर त्वचेच्या दर चौरस मीटरवरून फार तर १४० वॅट एवढ्याच उष्णतेचा घाम उडू शकतो. बसलेल्या माणसाला ५० लागतात, म्हणजे भागतं, पण त्यासाठी त्वचेचा तिसरा हिस्सा सतत ओला राहावा लागतो. हीच ती चिकचिक. पंख्याने सेकंदाला एक मीटरचा झोत दिला की क्षमता ३३० वॅटवर जाते आणि त्वचेचा सातवा हिस्सा ओला असला तरी पुरतं. आता तोच माणूस गोणी उचलतो आहे आणि त्याला चौरस मीटरमागे २०० वॅट बाहेर टाकायचे आहेत असं धरा. स्तब्ध हवेत ते अशक्य आहे, उष्णता शरीरात साठत जाणार. वाऱ्यात शक्य आहे. कोकणातल्या गोदामात किंवा कारखान्यात एकच सुधारणा करण्याइतके पैसे असतील तर मी आधी हवा खेळती करायला सांगेन. गच्च भरलेल्या लोकलमध्ये वारा अडतो आणि शेजाऱ्यांच्या अंगची वाफही त्याच हवेत मिसळते. गाडी सिग्नलला थांबली की दोन मिनिटांत उकडू लागतं ते त्यामुळे.

नागपुरात गणित फिरतं. हवा ४३, त्वचा ३५. वारा आता बाहेरची उष्णता अंगावर आणून ओततो. घाम उडवण्याची क्षमता वाऱ्याशिवायही भरपूर असते, ती वाढवून फारसा फायदा नाही. बसलेल्या माणसाला स्तब्ध हवेत तासाला सुमारे ३३० मिली घाम गाळावा लागत असेल, तर पंख्यासमोर ४३० मिली लागतो. तरण्या माणसाला हे झेपतं. म्हाताऱ्या माणसांचा घामच कमी सुटतो, तान्ह्या मुलांची सोसण्याची ताकद कमी असते. म्हणून हवा ४० च्या वर गेली की नुसत्या पंख्यावर विसंबू नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. मात्र अंग ओलं केलं की पंखा पुन्हा कामाचा होतो, कारण तेव्हा उडणारं पाणी टॉवेलातलं असतं, शरीरातलं नाही. पातळ सुती टॉवेल भिजवून, पिळून खांद्यावर घ्यायचा आणि पंख्यासमोर बसायचं. विदर्भात हा उपाय नामी आहे. दवबिंदू २५ असलेल्या मुंबईत त्याचा उपयोग होतो, पण बेताचा.

दुचाकीवर हा फरक आणखी ठसठशीत होतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने ४३ अंशांच्या हवेतून जाताना उघड्या त्वचेवर पंख्याच्या झोतापेक्षा चौपट उष्णता येते. नागपूरच्या पोरी डोळे सोडून सगळं तोंड दुपट्ट्याने गुंडाळतात ते शास्त्राला धरूनच आहे. कापड उष्ण वारा आणि ऊन दोन्ही अडवतं. मुंबईत तोच दुपट्टा घाम अडवेल. म्हणून कपड्यांचा एकच सल्ला दोन्हीकडे चालत नाही: विदर्भात अंगभर, कोकणात सैल आणि मोकळं.

मुंबईत दुपारी येणारे खारे वारे दोन्ही कामं करतात. बाष्प आणतात, पण तापमान दाबून धरतात आणि वाराही देतात. मार्च-एप्रिलमध्ये जमिनीकडचे पूर्वेचे वारे जोरात असले की खारे वारे उशिरा सुरू होतात आणि पारा ३८-३९ वर जातो. सांताक्रूझचा विक्रम, १४ एप्रिल १९५२ चे ४२.२, एप्रिलमधलाच आहे. अशा दिवशी हवा कोरडी असते, त्यामुळे 'जाणवणारा' आकडा पाऱ्याच्या जवळच राहतो. लोकांना तो दिवस भट्टीसारखा वाटतो, पण घाम वाळतो.

कूलर आणू नका

कूलर हा मोठा माठच आहे. ओल्या गवतातून किंवा हनीकोंब पॅडमधून हवा खेचायची, पाणी उडताना ती गार होते. कोरडं आणि ओलं तापमान यांच्यात जेवढं अंतर, त्याच्या साधारण तीन चतुर्थांश एवढी हवा उतरते. नागपुरात हे अंतर २० अंशांचं, म्हणून ४३ ची हवा २८ वर येते आणि तिची आर्द्रता होते ६० टक्के. ठाण्यात अंतर साडेसहा अंशांचं. ३४ ची हवा २९ वर येते खरी, पण आर्द्रता ९० च्या घरात. म्हणजे गारवा पाच अंशांचा मिळवला आणि घाम वाळायचा थांबला. दारं-खिडक्या बंद असतील तर तासाभरात फरशीला ओल सुटते.

तुमच्या 'गावी ४३ ला इतका त्रास नव्हता' या तक्रारीचं अर्धं उत्तर इथेच आहे. ४३ रस्त्यावर होते. घरात कूलरपुढे तुम्ही २८ मध्ये बसत होता. ठाण्यात घरातही ३३ आणि बाष्प तेवढंच.

विदर्भात कूलर लावतानाही नेहमीची चूक म्हणजे तो खोलीच्या आत ठेवून दार लावून घेणं. कूलरला बाहेरची कोरडी हवा मिळाली पाहिजे, म्हणून तो खिडकीबाहेर. आणि आलेली हवा जायला समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार वीतभर तरी उघडं हवं. मृगाच्या आसपास दवबिंदू विशीच्या वर चढला की तोच कूलर चिकचिक करू लागतो. तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवा. ठाण्यात पैसे घालायचेच तर एसी घ्या, तो हवेतलं पाणी काढून नळीतून बाहेर टाकतो. २६-२७ वर ठेवून छताचा पंखा सोबत चालवला की २४ वर ठेवल्यासारखंच वाटतं आणि बिल कमी येतं.

दोन ॲप दोन आकडे का देतात

कारण सूत्रं वेगळी आहेत. उष्णता निर्देशांकाचं मूळ रॉबर्ट स्टेडमन यांनी १९७९ साली मांडलेल्या गणितात आहे. कॅनडाचा ह्युमिडेक्स तापमानात बाष्पदाबाचा हिस्सा सरळ मिळवतो: बाष्पदाबातून १० वजा करायचे, उरलेल्याला पाच नवमांशाने गुणायचं आणि तापमानात घालायचं. आपल्या ३४ आणि ६० टक्क्यांसाठी हे उत्तर ४६ येतं. ऑस्ट्रेलियाचं सूत्र वाराही धरतं. सेकंदाला तीन मीटर वारा घेतला तर तेच हवामान ३८ ठरतं. ३८, ४२, ४६ हे तिन्ही आकडे बरोबर आहेत, पट्ट्या निराळ्या आहेत. म्हणून एकच ॲप धरा आणि कालच्या-आजच्या आकड्यांची तुलना त्याच्याच आत करा. आपल्या हवामान खात्यानेही २०२३ पासून प्रायोगिक उष्णता निर्देशांक द्यायला सुरुवात केली आहे.

या सगळ्या आकड्यांत एक मेख आहे. उष्णता निर्देशांक सावलीतला आणि मंद वाऱ्यातला असतो. थेट उन्हात तो ८ अंशांपर्यंत वाढू शकतो. शिवाय वेधशाळेचा वारा मोकळ्या मैदानात, १० मीटर उंचीवर मोजलेला असतो. ॲपमध्ये ताशी १२ किलोमीटर दिसला तरी दोन इमारतींमधल्या गल्लीत पान हलत नसेल. वाऱ्याचा अंदाज झाडावरून घ्या: पानं नुसती सळसळत असतील तर ६ ते ११ किलोमीटर, पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर १२ ते १९, रस्त्यावरचे कागद आणि धूळ उडत असेल तर वीसच्या वर.

उन्हात काम करणाऱ्यांसाठी हे निर्देशांक अपुरे आहेत. तिथे काळ्या गोळ्याचा तापमापक लागतो. अमेरिकी मरीन दलाच्या प्रशिक्षण तळावर १९५० च्या दशकात ही पद्धत बसवली गेली. ओल्या तापमानाचे ७० टक्के, उन्हात ठेवलेल्या काळ्या पोकळ गोळ्यातल्या तापमानाचे २० टक्के आणि साध्या तापमानाचे १० टक्के, यांची बेरीज घ्यायची. हवेची सवय झालेल्या माणसाने मध्यम कष्टाचं काम सलग करायला ही बेरीज २८ च्या आत असावी, असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. कोकणातल्या मे महिन्यात भर उन्हात ही रेषा सकाळीच ओलांडली जाते. काम पहाटे सुरू करून दहाच्या आत उरकायचं ते यासाठी. ७० टक्के वजन ओल्या तापमानाला आहे, पाऱ्याला फक्त १०, हे लक्षात घ्या.

किती धोकादायक

ओलं तापमान ३५ ला पोचलं की निरोगी माणूसही सावलीत, पंख्याखाली, पाणी पीत बसला तरी फार तास टिकणार नाही, ही मर्यादा २०१० साली सैद्धांतिक हिशेबाने मांडली गेली. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाने तरुण, धडधाकट माणसांवर प्रयोग केले, तेव्हा दमट हवेत हलक्या हालचालीतही शरीराचं तापमान ओल्या ३०-३१ अंशांपासूनच चढू लागलेलं आढळलं. मुंबईची दुपार २७-२८ वर असते. मधलं अंतर तीन अंशांचं आहे, आणि ऊन, गर्दी किंवा कष्ट यांपैकी एकही ते खाऊन टाकू शकतं. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघाताने १४ जण दगावले. त्या दिवशीचा पारा विदर्भाच्या आकड्यांच्या जवळपासही नव्हता. किनारपट्टीसाठी हवामान खात्याचा उष्णतेच्या लाटेचा उंबरठाच ३७ अंशांचा आहे (आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त), मैदानी भागासाठी तो ४० आहे.

कोरड्या उष्म्याचा धोका वेगळ्या वाटेने येतो. घाम सुटल्याबरोबर उडतो, अंग कोरडं दिसतं आणि माणसाला वाटतं आपल्याला घामच येत नाही. लिटरभर पाणी गेलेलं असतं. तहानेची वाट न बघता, कष्टाचं काम असेल तर दर १५-२० मिनिटांनी पेलाभर, म्हणजे २०० ते २५० मिली पाणी घ्यावं. तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नये, रक्तातलं मीठ फार पातळ होतं. दोन तासांपेक्षा जास्त घाम गाळायचा असेल तर मधूनमधून मीठ घातलेलं ताक, पन्हं किंवा पाकिटावर लिहिल्याप्रमाणे कालवलेलं ओआरएस. नव्या हवेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात कष्ट कमीच ठेवा.

माणूस बरळू लागला, तोल जाऊ लागला, शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजायचा. अंग घामाने ओलं असलं तरीही. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत गार करत राहा. कोरड्या हवेत अंगावर पाणी शिंपडून जोरात वारा घालणं पुरतं. दमट हवेत पाणी उडत नाही, तिथे थंड पाण्याचा टब, पिंप किंवा सतत ओतलेलं थंड पाणी, आणि मान, काख, जांघेत बर्फ. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

घरी मोजायचं असेल तर

बाजारातले स्वस्त डिजिटल आर्द्रतामापक पाच टक्के सहज चुकतात. तपासायची सोपी युक्ती: बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून चिखलासारखं करा (विरघळवू नका), मापकासोबत घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्यात रात्रभर ठेवा. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक ७० दाखवत असेल तर त्या आसपास पाच मिळवून वाचायचं.

त्याहून भरवशाचे दोन साधे काचेचे तापमापक. आधी दोन्ही एकाच पेल्यातल्या पाण्यात धरून सारखे दाखवतात ना ते बघा, फरक असेल तर लिहून ठेवा. एकाच्या फुग्यावर पांढरं मलमल बांधा. कापड आधी उकळून घ्या, खळ राहिली तर ते पाणी धरत नाही. पाणी बॅटरीत घालायचं डिस्टिल्डच हवं, नळाच्या पाण्यातले क्षार कापडावर बसून आकडा वर ढकलतात, आणि समुद्राजवळ तर कापड दर आठवड्याला बदलावं. दोन्ही सावलीत, टेबल फॅनच्या मोठ्या झोतात पाच मिनिटं धरा. वाचताना ओला आधी वाचा, चेहरा लांब ठेवून. झोत नसेल तर ओला तापमापक एक-दोन अंश जास्त दाखवतो. ही चूक जवळजवळ सगळे करतात.

मग ओल्या तापमानाचा संपृक्त बाष्पदाब (त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त मावणाऱ्या बाष्पाचा दाब) घ्या: २४ ला २९.८, २५ ला ३१.७, २६ ला ३३.६, २७ ला ३५.६, २८ ला ३७.८ हेक्टोपास्कल. त्यातून दोन तापमानांतला फरक गुणिले ०.६७ वजा करा (पुण्याच्या उंचीवर ०.६३). कोरडा ३४ आणि ओला २७ असेल तर ३५.६ वजा ४.७, म्हणजे ३०.९. हाच आकडा वरच्या यादीत शोधला की तो २४ आणि २५ च्या मधोमध पडतो. तुमचा दवबिंदू साडेचोवीस. ३४ अंशांचा संपृक्त दाब ५३ आहे, त्याने भागलं की आर्द्रता ५८ टक्के.

भावाचे उणे २०

थंडीत आर्द्रतेला फार किंमत नसते, कारण अंगावर उडायला घामच नसतो. तिथे सगळा खेळ वाऱ्याचा. अंगाभोवतीचा तोच थर आता पांघरुणाचं काम करत असतो आणि वारा तो ओढून नेतो. याचं पहिलं मोजमाप १९४० च्या दशकात अंटार्क्टिकात पॉल सायपल आणि चार्ल्स पासेल यांनी पाण्याने भरलेलं नळकांडं वाऱ्यात टांगून, ते गोठायला किती वेळ लागतो यावरून केलं. २००१ साली कॅनडा आणि अमेरिकेने माणसाच्या चेहऱ्यावरून जाणाऱ्या उष्णतेवर आधारलेलं नवं सूत्र घेतलं. उणे १० आणि ताशी ३० किलोमीटर वारा घातला तर त्यात उत्तर येतं उणे १९.५. भाऊ बरोबर सांगतो. हे सूत्र १० अंश आणि त्याखालीच लावायचं असतं.

इथेही तो आकडा उष्णता जाण्याच्या वेगाचा आहे, तापमानाचा नाही. पारा ५ अंशांवर असेल आणि वाऱ्यामुळे शून्य 'जाणवत' असेल, तरी बादलीतलं पाणी गोठणार नाही. वारा वस्तूला हवेच्या तापमानापर्यंत लवकर आणतो, त्याखाली नेत नाही. मात्र हवाच शून्याच्या बरीच खाली असेल तेव्हा वेगाला महत्त्व येतं: जाणवणारं तापमान उणे २८ च्या खाली गेलं की उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. नाक, कान आणि बोटं आधी.

आपल्याकडे हे सूत्र लावायला निफाडची डिसेंबरातली पहाट पुरे. पारा ८ वर आणि दुचाकी ताशी ६० ने, म्हणजे चेहऱ्याला आणि बोटांना २ अंश. विणलेला स्वेटर इथे दगा देतो. त्याची ऊब टाक्यांमध्ये अडकलेल्या हवेत असते आणि वारा त्या टाक्यांतूनच आरपार जातो. वरून साधं विंडचीटर चढवलं की तोच स्वेटर पुरतो. तेही नसेल तर जर्किनच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी, जी दूधवाले वर्षानुवर्षं वापरत आले आहेत.